ढाल ज्वालामुखी की ढाळ ज्वालामुखी?

प्रश्न:
लेकीने शाळेच्या प्रकल्पात हवाईच्या माउना लोआबद्दल लिहिताना ‘ढाळ ज्वालामुखी’ असं लिहिलं. बाईंनी ‘ळ’ खोडून ‘ल’ केला. लेकीचं म्हणणं असं, की हा डोंगर उभा नसतो, त्याला नुसता हलका ढाळ असतो, म्हणून ढाळच बरोबर. मला तर तिचं पटलं. शिवाय ढाल म्हटलं की हातात उभी धरलेली ढाल डोळ्यासमोर येते. पसरट डोंगराला ते नाव कसं काय दिलं?

प्रतिसाद १:
बाई बरोबर आहेत, ‘ल’च हवा. हा शब्द जर्मनमधल्या ‘शिल्डवुल्कान’वरून इंग्रजीत आणि तिथून आपल्याकडे आला. तिन्हीकडे अर्थ ढाल हाच. पण मुळाशी आइसलँडचा एक डोंगर आहे: स्क्याल्डब्रेइदुर. स्थानिक भाषेत याचा अर्थ ‘रुंद ढाल’. उंची फक्त १,०६० मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षाही कमी. पण पसारा असा, की लांबून बघितलं तर कुणीतरी गोल ढाल जमिनीवर उपडी टाकून निघून गेलंय असं वाटतं.

तेव्हा ढाल उभी नाही, उपडी समजायची. चामड्याची, मध्ये फुगीर, कडेला जमिनीला टेकलेली. मला विचाराल तर मराठीत ‘उपड्या ढालीसारखा ज्वालामुखी’ असं एकदा तरी लिहावं, मग पुढे खुशाल ‘ढाल ज्वालामुखी’ म्हणावं. अर्धा घोळ तिथेच मिटतो.

प्रतिसाद २:
पण मुलीला अगदीच चूक म्हणू नका! आमच्या गवंड्याला विचारा. गच्चीवरचं पाणी वाहून जावं म्हणून तो शंभर फुटांना फूटभर ‘ढाळ’ देतो. ढाल ज्वालामुखीचा उतार पाच अंशांचा धरला तर शंभर फुटांना पावणेनऊ फूट होतो. गच्चीपेक्षा बराच जास्त, पण डोंगर म्हणून काहीच नाही. हिंदीत तर ‘ढाल’ म्हणजे उतारही होतो, त्यामुळे हिंदी वाचून मराठी लिहिणाऱ्यांचा गोंधळ ठरलेला.

मात्र मराठीत ढाळ लागणे म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक आहे. ‘ढाळ ज्वालामुखी’ म्हटल्यावर वर्ग शांत बसणार नाही. (तसं पाहिलं तर पातळ होऊन वाहणं हाच त्याचा स्वभाव, पण ते असो.)

अवांतर: जुन्या मराठीत ढाल म्हणजे सैन्याचं मोठं निशाणही. ते वाहणारा हत्ती तो ढालगज. ‘ढालगज भवानी’ तिथूनच. तिचा ज्वालामुखीशी संबंध असलाच तर स्वभावापुरता.

प्रतिसाद ३:
पातळपणाचा मुद्दा मात्र खरा आहे, चेष्टा नाही. गुऱ्हाळात काकवी काढताना पाहिली असेल तर लगेच कळेल. पातळ असताना ओतली तर ताटभर पसरते, घट्ट झाली की जागच्या जागी ढीग होतो. लाव्ह्यात सिलिका (वाळूतला मुख्य घटक) कमी असेल तर तो पातळ राहतो, वायूही फारसे न अडकता निघून जातात. म्हणून मोठा स्फोट क्वचितच होतो, रस दूरवर वाहतो. थरावर थर बसत लाखो वर्षांत उपडी ढाल तयार होते. सिलिका जास्त असली की रस चिकट होतो, कोंडतो, फुटतो आणि उभट शंकू उभा राहतो.

वाहण्याची आणखी एक युक्ती आहे. दुधावर साय धरावी तशी लाव्ह्याच्या वरच्या थराची खपली होते आणि आतून रस गरमच वाहत राहतो. या बोगद्यांतून तो मैलोगणती जातो.

‘माउना लोआ पर्वत’ असं लिहिलं असेल तर तेही तपासा. हवाईच्या भाषेत माउना म्हणजेच पर्वत, लोआ म्हणजे लांब. ‘विंध्याचल पर्वत’ म्हणतो तसलाच प्रकार. समुद्रसपाटीपासून उंची ४,१६९ मीटर, पण समुद्राच्या तळापासून मोजली तर एव्हरेस्टच्या उंचीलाही मागे टाकतो. १९८४ नंतर थेट २०२२च्या नोव्हेंबरात जागा झाला.

प्रश्नकर्ती:
मग आपला सह्याद्री? तोही लाव्ह्याचाच ना? त्यालाही ढाल म्हणायचं?

प्रतिसाद १:
नाही. दख्खनचा लाव्हा मुख्यतः जमिनीच्या लांबच लांब भेगांतून आला, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी. त्याला ‘ट्रॅप’ म्हणतात ते सापळा म्हणून नव्हे, स्वीडिशमध्ये ‘ट्राप्पा’ म्हणजे जिना. घाटातल्या कातळाच्या पायऱ्या बघितल्यात ना, त्याच.

पण नातं आहे. ज्या तप्तबिंदूवर (पृथ्वीच्या पोटातून तप्त रस वर येत राहतो त्या जागेवर) तेव्हा आपली जमीन होती, तो आज हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटाखाली आहे, असं बहुतेक भूवैज्ञानिक मानतात. तिथला पितों द ला फुर्नेझ हा ढाल ज्वालामुखी अजून धगधगतोय. वाटेत मॉरिशस झालं, तेही मुळात ढाल ज्वालामुखीच, आता थंडावलेलं. तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी कुटुंबांच्या पायाखाली आणि आपल्या पायाखाली एकाच चुलीवरचा कातळ आहे म्हणा की.

प्रतिसाद ४:
सगळ्यांत मोठी ढाल पृथ्वीवर नाहीच. मंगळावरचा ऑलिंपस मॉन्स सुमारे २२ किमी उंच आणि ६०० किमी रुंद आहे. पसारा जवळजवळ महाराष्ट्राएवढा! हवाईत पॅसिफिकचा तळ सरकतो, म्हणून एक बेट तयार झालं की ते चुलीवरून पुढे सरकतं आणि त्याच चुलीवर नवं बेट तयार होतं. मंगळाचं कवच असं सरकत नाही, रस एकाच जागी साचत राहिला. त्यात गुरुत्वाकर्षणही कमी. शुक्रावरच्या मात मॉन्सचे १९९१चे रडारफोटो नव्याने तपासल्यावर तिथल्या विवराचा आकार काही महिन्यांत बदलल्याचं २०२३मध्ये दिसून आलं. म्हणजे ती ढाल अजून थंड झालेली नाही.

प्रश्नकर्ती:
‘ढाल’ मान्य, लेकीलाही पटलं. आता ती विचारतेय, शिखरावरच्या ‘कॅल्डेरा’ला, म्हणजे तिथल्या मोठ्या विवराला, मराठीत काय म्हणायचं? पुस्तकात ‘महाकुंड’ सापडलं, तिला ते देवळाजवळचं वाटतं.

प्रतिसाद ३:
स्पॅनिशमध्ये कॅल्डेरा म्हणजे उकळायचं मोठं भांडं. आपल्याकडे त्याला गुऱ्हाळातली ‘काहील’ आहेच.

प्रतिसाद २:
काहील उथळ असते हो. ऑलिंपसचं विवर ३ किमी खोल आहे!

प्रतिसाद ३:
आणि ८० किमी रुंद. भागून बघा, काहीलच निघते.