प्रतिसाद: गीझरच्या गरम पाण्याच्या जोडातली गळती

दोनदा टेफलॉन टेप गुंडाळूनही लाल कॉलरच्या (गरम पाणी बाहेर येतं त्या) बाजूने थेंब पडतोच, असं तुम्ही लिहिलंय. तिथे कनेक्शन पाइपचा (गीझर ते भिंतीतल्या नळजोडणीपर्यंतच्या लवचीक नळीचा) नट असेल तर टेफलॉनचा काही उपयोग नाही. त्या जोडात पाणी आट्यांवर अडत नाही, नटाच्या आतल्या रबरी वॉशरवर अडतं. गरम पाण्याने तो कडक होऊन चपटतो. नवा वॉशर टाका, हाताने घट्ट करून पान्याने पाव फेरा, बस्स. जास्त आवळलं की वॉशर चिरतो.

सीपीव्हीसीचा (गरम पाण्याच्या प्लॅस्टिक पाइपचा) आटेवाला जोड थेट बसवला असेल तरच टेफलॉन. जुनी टेप खरवडून काढा, नवी घड्याळाच्या दिशेने ताणून १०-१२ वेढे. त्या जोडाचे आतले आटे पितळी हवेत; निव्वळ प्लॅस्टिकचे तापून तडकतात.

काम सुरू करण्याआधी एमसीबी (गीझरचा विजेचा स्विच) बंद, मग इनलेटचा (गार पाणी आत येण्याचा) कॉक बंद, पाणी गार झाल्यावर टाकी रिकामी. एका पान्याने टाकीचा निपल (टाकीतून बाहेर आलेला आट्यांचा तुकडा) धरायचा, दुसऱ्याने नट फिरवायचा. निपल फिरला तर गळती टाकीतच शिरते (मग गीझरच बदला).

टाकी भरून नळाला सलग धार आल्याशिवाय बटण दाबू नका, पाणी तापवणारं एलिमेंट जळतं. सेफ्टी व्हॉल्व्हमधून तापताना पडणारे थेंब मात्र गळती नव्हे.