अनुभव धागा: वॉकथ्रू कधी बघता?

गेममध्ये अडकलं की वॉकथ्रू (गेम कसा पार करायचा ते पायरीपायरीने सांगणारा मजकूर किंवा व्हिडिओ) उघडायचा की नाही, यावरून आमच्या मित्रांत कायम वाद असतो. एक गट म्हणतो, बघून खेळलं म्हणजे खेळलंच नाही. दुसरा म्हणतो, पैसे मोजलेत, शेवट बघायचा हक्क आहे. मला दोन्ही पटत नाही. गेम कशाच्या जोरावर उभा आहे ते आधी बघावं, असं माझं मत. हाताचं कसब लागतं तिथे रस्ता विचारल्याने काही बिघडत नाही. पण जिथे शोधून काढणं हाच खेळ आहे, तिथे उत्तर एकदा वाचलं की संपलं, ते डोक्यातून काढून टाकता येत नाही.

जळगाव, धुळे, नंदुरबार, जो कोणी खेळतो त्याने लिहा. गेमचं नाव सुरुवातीलाच द्या, म्हणजे ज्यांना तो अजून खेळायचाय ते पुढे सरकतील.

भुसावळकर

जीटीए व्हाइस सिटी. रिमोटच्या हेलिकॉप्टरचं मिशन म्हटलं की माझ्या वयाच्या प्रत्येकाला आठवेल. बांधकाम चालू असलेल्या इमारतीत चार बॉम्ब ठेवायचे, तेही वेळेच्या आत. आमच्या कॅफेत तासाप्रमाणे पैसे, त्यात लोडशेडिंग. लाइट गेली की त्या तासाचं खेळणं गेलं. पोरं आठवडेच्या आठवडे तिथेच अडकलेली. मग एकाचा मोठा भाऊ पुण्याहून आला तो इंटरनेटवरच्या मजकुराची प्रिंट घेऊन. त्यात कामाची ओळ एकच होती: पहिला बॉम्ब उचलेपर्यंत घड्याळ सुरूच होत नाही. म्हणजे आधी पंख्याच्या पात्यांनी सगळे पहारेकरी बाजूला करा, जिने बघून ठेवा, आणि मग बॉम्बला हात लावा.

हेलिकॉप्टर तरीही स्वतःलाच उडवायचं होतं. कीबोर्डवर ते भिंतीला घासायचं, अरुंद जिन्यात फिरायचं, पेट घ्यायचं. प्रिंटने ते काही सोपं केलं नाही. म्हणून मी म्हणतो, जी गोष्ट गेमने सांगायला हवी होती आणि सांगितली नाही, ती बाहेरून कळून घेण्यात काहीच गैर नाही.

धुळेकर

माझं उदाहरण बरोबर उलटं आहे. प्रिन्स ऑफ पर्शिया, 1989 चा पहिला. एकूण 60 मिनिटं, 12 लेव्हल. कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवणी संपल्यावर सर खेळू द्यायचे. शेवटच्या लेव्हलमध्ये आपलीच सावली तलवार घेऊन समोर उभी राहते. तिला वार केला की आपला जीव दाखवणारा लाल त्रिकोण कमी होतो. तिला मारलं की आपणच मरतो. सगळा क्लास मागे उभा राहून सल्ले देत होता, पण उत्तर कोणालाच माहीत नव्हतं, आणि इंटरनेट तर नव्हतंच.

शेवटी एका मुलीने सांगितलं, तलवार म्यान करून बघ. केली. सावलीनेही केली. चालत गेलो तर दोघं एक झाले. त्या क्षणी क्लासमध्ये जो आरडाओरडा झाला तो मला आजही ऐकू येतो. हेच कुठे आधी वाचलेलं असतं तर? बटण दाबलं असतं आणि पुढे गेलो असतो. अशा जागांसाठी वॉकथ्रूला माझा ठाम विरोध आहे.

रावेरकर

स्टारड्यू व्हॅली. घरची केळी आहे, त्यामुळे शेतीचा गेम म्हणून कुतूहलाने घेतला. यात 28 दिवसांचा एक ऋतू. फ्लॉवर 12 दिवसांत येतो, म्हणजे ऋतूचे 12 पेक्षा कमी दिवस उरले असताना लावला तर खत न टाकता हाती काही लागत नाही, ऋतू बदलला की वाळतो. हे मी विकी (खेळणाऱ्यांनीच लिहिलेली माहितीची साइट) न बघता शिकलो आणि तसंच शिकायला हवं. पहिलं वर्ष डोळे झाकून खेळा, असं मी सगळ्यांना सांगतो.

पण मासे! कॅटफिश बहुतेक ठिकाणी फक्त पावसात मिळतो, आणि तोही ठरावीक ऋतूतच. गेममधल्या कम्युनिटी सेंटरला ज्या वस्तू द्यायच्या असतात त्यांत तो लागतो. चुकला तर पुढचा पाऊस किंवा पुढचा ऋतू. इथे मी सरळ विकी उघडतो. आमच्याकडे नवीन माणूस बाग लावतो तेव्हा मृगबाग (पावसाळ्याच्या सुरुवातीची लागवड) घ्यावी की कांदेबाग (पावसाळ्यानंतरची), हे शेजारच्या बांधावर विचारूनच ठरवतो ना? त्याला कोणी लबाडी म्हणत नाही. कष्ट तर त्यालाच करायचे असतात.

(जाता जाता: गेममध्ये केळीचं झाड 28 दिवसांत मोठं होतं आणि मग हंगामभर रोज फळ देतं. आमच्याकडे घड कापला की ते खोड संपलं, पुढे बुडाशी फुटलेल्या पिलावर बाग. हे वडिलांना दाखवलं तर ते बराच वेळ स्क्रीनकडे बघत बसले.)

चाळीसगावकर

झेल्डा, ब्रेथ ऑफ द वाइल्ड. 120 श्राइन, म्हणजे आव्हानांची छोटी मंदिरं, स्वतः शोधा, त्यातच गेम आहे. जागोजागी लपवलेल्या 900 कोरोक बिया मात्र नकाशा बघून गोळा करा, किंवा सोडून द्या. त्यावर वाद घालण्यासारखं काही नाही.

नंदुरबारकर

पोकेमॉन एमराल्ड, मोबाइलवर एम्युलेटर (जुन्या कन्सोलचे गेम चालवणारं ॲप) टाकून. समुद्राखालच्या गुहेत भिंतींवर ठिपके असतात, ते ब्रेल आहे. मित्राने व्हिडिओ बघून पाच मिनिटांत काम उरकलं. माझी आत्या अंध मुलांना शिकवते. तिच्याकडून इंग्रजी अक्षरांचं ब्रेल वहीत उतरवून घेतलं आणि एकेक ठिपका जुळवत बसलो. आपल्या संघात वेलॉर्ड हा पोकेमॉन पहिला, रेलिकँथ शेवटचा, असा क्रम निघाला. पुढे कळलं की आधीच्या रुबी-सफायरमध्ये तो बरोबर उलटा आहे, म्हणजे त्या गेमचं उत्तर ऐकून आलेले इथे फसतात.

आता रेलिकँथ कुठे सापडतो ते मात्र मी बघितलं. तो समुद्रतळाच्या शेवाळात क्वचितच दिसतो आणि तिथे डोकं लावायला काही नसतं, नुसतं फिरायचं असतं. अक्षरं शोधायला मदत घेतली, पण वाक्य माझं मी वाचलं. माझी रेघ तिथे आहे.

अमळनेरकर

एल्डन रिंग. मुलगी झोपल्यावर मिळतो तेवढाच वेळ माझा. या गेममध्ये कोणाचं काम कुठवर आलं याची नोंद कुठेच नसते. माणसं आपली जागा बदलतात, आणि मधेच एखादा बॉस (मोठा शत्रू) मारला तर कोणाची तरी गोष्ट कायमची तुटते. सलग खेळणाऱ्याला हे जमेल. चार दिवसांनी परत येणाऱ्या बाईने काय काय लक्षात ठेवायचं? त्यामुळे माणसांच्या गोष्टींसाठी विकी बघते. बॉससाठी कधीच नाही. त्याचा वार कधी येतो ते माझ्या हाताला कळलं पाहिजे.

शिरपूरकर

अमळनेरकर ताई, बॉससाठी बघणाऱ्यांनाही कमी लेखू नका, एवढंच म्हणेन.

माझ्या धाकट्या भावाला ऐकू कमी येतं. तो द विटनेस खेळतो. त्यातल्या जंगलातली कोडी पक्ष्यांच्या आवाजावर आहेत, उंच स्वर, खालचा स्वर, त्याप्रमाणे रेघ ओढायची. तो ती कितीही वेळ बसला तरी सोडवू शकत नाही. बेटाच्या एकेका भागातली कोडी सुटली की एक लेसर लागतो; शेवटचा डोंगर उघडायला 11 पैकी 7 लेसर पुरतात, म्हणजे ती जागा सोडूनही शेवटापर्यंत जाता येतं. पण त्याला सगळं बेट पूर्ण करायचं होतं. तेवढ्या भागाची उत्तरं त्याने बघितली, बाकीची शेकडो कोडी वहीत चौकोन काढून स्वतः सोडवली. मी त्याच्या शेजारी बसून पाहिलंय. त्याने गेम पूर्ण केला नाही असं कोणी म्हटलं तर मी वाद घालायला तयार आहे.

अमळनेरकर

पटलं दादा. माझा नियम माझ्यापुरता.

धागाकर्ता

शिरपूरकर, लिहिलंत ते फार बरं झालं. हा मुद्दा माझ्या डोक्यात नव्हता.

एक भर घालतो. सगळं किंवा काहीच नाही, असं असायची गरज नसते. 1980 च्या दशकात इन्फोकॉम कंपनी आपल्या गेमसाठी इन्व्हिजिक्लूज नावाची पुस्तिका विकायची. उत्तरं अदृश्य शाईत. सोबतच्या पेनाने एकेक ओळ घासायची, आधी नुसता इशारा, मग जरा जास्त, सगळ्यात शेवटी उत्तर. खेळणाराच ठरवायचा कुठे थांबायचं ते. यूट्यूबच्या व्हिडिओत ही सोय नाही. दहा सेकंद बघायला जावं तर पुढची तीन कोडीही दिसून जातात. म्हणून मी व्हिडिओपेक्षा मजकुराचं गाइड शोधतो, नाहीतर तो गेम संपवलेल्या माणसाला फोन करतो आणि विचारतो, "उत्तर नको, मी बरोबर ठिकाणी आहे का तेवढं सांग."

पाचोरेकर

मग विचारूनच टाकतो भो. रिटर्न ऑफ द ओब्रा दिन. जहाजावरच्या 60 जणांचं काय झालं ते ओळखायचंय, तीन-तीन जण बरोबर आले की गेममधली वही ते पक्कं करते. अर्धे झाले. उरलेल्या साध्या खलाशांची नावं कोणी घेतच नाही, चेहरे सारखे वाटतात. उत्तर देऊ नका.

धागाकर्ता

खलाशांची यादी हातात घ्या आणि ते झोपतात तिथला प्रसंग पुन्हा बघा. चेहरे बघू नका.

पाचोरेकर

जातो.