वॉरंट मागणं पुरेसं नाही

"वॉरंट मागितलं की आइसवाले (अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याचे, स्थलांतरितांना पकडणारे अधिकारी) मागे फिरतात" असं म्हटलं जातं. ते फार तर घराच्या दारापुरतं, आणि तिथेही सही कुणाची ते बघायचं. आय-200 या आइसच्या अटक वॉरंटवर आइसच्याच अधिकाऱ्याची सही असते. घरात शिरायला न्यायाधीशाची लागते, असंच न्यायालयं धरत आलीत. म्हणून दार उघडू नये, कागद खालच्या फटीतून सरकवायला सांगावं.

रस्त्यावर मात्र आय-200 वर अटक होते. 25 मार्च 2025 ला वॉशिंग्टन राज्यातल्या स्कॅजिट काउंटीत शेतमजूर युनियनचा एक संस्थापक कार्यकर्ता जोडीदाराला ट्यूलिपच्या शेतावर सोडायला निघाला होता. त्याने वॉरंट मागितलं, आइसवाल्यांनी गाडीची काच फोडली. जुलैपर्यंत टकोमाच्या कोठडीत काढल्यावर त्याने स्वतःहून मेक्सिकोला परतणं पत्करलं. देशाबाहेर काढण्याच्या या खटल्यांत सरकारी खर्चाने वकील मिळत नाही. कोठडीत बसून लढणं माणसाला मोडतं, हे फार अन्यायाचं आहे.

त्यात युनियन करण्याच्या हक्काला संरक्षण देणाऱ्या 1935 च्या राष्ट्रीय कामगार संबंध कायद्यातून शेतमजूर वगळलेले. कॅलिफोर्नियात 1975 चा राज्याचा कायदा तरी आहे, बऱ्याच राज्यांत तेवढंही नाही. एच-2ए या हंगामी शेतमजुरीच्या व्हिसावाल्याचा परवाना एका मालकाला बांधलेला, नोकरी गेली की मुक्कामही धोक्यात येतो.

म्हणून युनियनच्या संघटकाने आपला ए-नंबर (इमिग्रेशन खात्याने परदेशी माणसाला दिलेला क्रमांक) घरच्यांकडे लिहून ठेवावा. आइसच्या ऑनलाइन शोधात तो आणि जन्मदेश टाकला की कोठडीतला माणूस सापडतो. नुसत्या नावाने शोधताना स्पेलिंगचं एक अक्षर चुकलं तरी काही दिसत नाही.