विंचवाची कळ कमी आहे म्हणून थांबू नका

वर कुणीतरी लिहिलंय की विंचू चावला की कांदा चोळायचा आणि कळ उतरली की काळजी मिटली, हे मला नाही पटलं. आमच्या कोकणात लाल विंचू असतो, त्याच्या बाबतीत नुसत्या कळेवर जाऊन चालत नाही. माझ्या चुलतभावाला भाताचे भारे उचलताना चावला, दहा वर्षांचा असेल तेव्हा, फारसा रडलाही नाही म्हणून सगळे निवांत, पण काकूने हात धरला तर तळवा गार आणि बनियन पिळून काढावं इतकं घामाने ओलं, वर दोन उलट्या, तेव्हा कुठे त्याला रिक्षात घातला.

महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी यावरच काम केलंय, प्राझोसिन ही मुळात ब्लड प्रेशरची गोळी, ती वेळेत मिळाली की विषाने हृदयावर येणारा ताण उतरतो, किती पोरं वाचली त्याने! २०२२ ला पद्मश्री मिळाली त्यांना. पण प्लीज ती गोळी घरच्या घरी देऊ नका, प्रेशर एकदम खाली येऊ शकतं, पेशंटला आडवं ठेवून सारखं तपासावं लागतं. आणि विंचू किती वाजता चावला, घाम कधी सुटला ते डॉक्टरांना नक्की सांगा.