इनामगावचा बैल: देवीचं वाहन की आणखी काही?

घोडकाठचा: शिरूर तालुक्यातल्या इनामगावला डेक्कन कॉलेजने 1968 ते 1983 उत्खनन केलं. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी ही मंडळी. तिथे एका घराच्या जमिनीखाली झाकणाची मातीची पेटी, बिनडोक्याची स्त्री आणि एक बैल असं एकत्र पुरलेलं मिळालं. तीन हजार वर्षं तरी जुनं, सगळं कच्च्या मातीचं. बाईच्या अंगाला भोक, बैलाच्या पाठीला भोक. मधे काडी घातली की बाई बैलावर बसते. तेव्हापासून ती देवी आणि तो तिचं वाहन. माझा आक्षेप ‘वाहन’ या शब्दाला. ही कल्पना आपण पुराणांतून उचलली आणि मागे नेऊन चिकटवली. त्या शेतकऱ्याला बैलच मोठा नसेल कशावरून?

खापरवेडा: भोकं काय उगाच पाडली? कोण कोणावर बसतं हे त्या वस्तूच सांगताहेत, त्याला पुराण लागत नाही. बैल मोठा मानायचा असता तर तो एकटा पुरला असता.

उंटावरचा_शहाणा: दोघेही देवळातच शिरलात! नदीकाठी चिखल फुकट, घरात पोरं. पोरं बैल करतात, त्यावर बाहुली बसवतात. ताम्रपाषाण काळातल्या, म्हणजे तांबं आणि दगड दोन्हींची हत्यारं वापरणाऱ्या, कितीतरी गावांत मातीचे बैल सापडलेत, प्रत्येक वेळी दैवत कशाला?

खापरवेडा: खेळणं झाकणाच्या पेटीसोबत कोण पुरतं हो?

बेंदूरवाली: आमच्याकडे बेंदराला मातीचे बैल करतात. आजी करायची. आधी वशिंड चिमटीत धरून वर ओढायची, मग शिंगं. पाय आखूड आणि जाड, नाहीतर वाळताना बैल बसतो. पाटावर मांडून पूजा, पुरणपोळीचा घास. दुसऱ्या दिवशी तेच बैल आम्हा पोरांच्या हातात, आणि संध्याकाळपर्यंत एकाचं तरी शिंग गेलेलं. देव आणि खेळणं यांत भांडण आहे हे मला तर हा धागा वाचूनच कळलं.

उंटावरचा_शहाणा: ताई, वर्णन झकास, पण बेंदूर आणि इनामगाव यांच्यात तीन हजार वर्षं आहेत. मधला धागा दाखवा.

बेंदूरवाली: धागा नाही दाखवत. एकच वस्तू दोन्ही असू शकते, एवढंच म्हणतेय.

घोडकाठचा: कच्च्या मातीकडे कोणी बघत नाहीये. ही माणसं जोर्वे भांडी करणारी. लाल अंगावर काळी नक्षी, टिचकी मारली तर खणखणीत वाजणारी. भट्टी गावातच होती. भाजणं येत असून भाजलं नाही, म्हणजे ही वस्तू टिकावी असा हेतूच नव्हता. एका कार्यापुरती केली, कार्य झालं, पुरली. आपण गणपती विसर्जित करतो तसं म्हणा हवं तर.

उंटावरचा_शहाणा: पोरांचं खेळणंही कोणी भट्टीत घालत नाही. तुमचा पुरावा माझ्याही कामाचा!

खापरवेडा: आणि दायमाबाद, तेही ताम्रपाषाण काळातलंच गाव? तिथे 1974 मध्ये मिळालेले कांस्याचे हत्ती, गेंडा, रेडा, बैलांचा रथ. चाकं असूनही त्यांना खेळणी म्हणायला जीभ रेटत नाही, कारण सगळ्यांचं मिळून वजन साठ किलोच्या वर. मातीचं दिसलं की लगेच पोरांचं?

उंटावरचा_शहाणा: हा मुद्दा लागला, मान्य. पण मग हेही बघा. याच गावात लहान मुलं दोन कुंभांत, तोंडाला तोंड लावून, घराच्या जमिनीखाली पुरायचे. मेलेल्या लेकराचं खेळणं आईने तसंच जमिनीखाली ठेवलं असेल तर?

घोडकाठचा: मग त्या कुंभातच नसतं ठेवलं? वेगळा खड्डा, वेगळी पेटी कशाला?

बेंदूरवाली: पोर जगलं असेल, म्हणून.