मदत हवी आहे: एक्लॅम्प्सियाच्या ड्रिलमध्ये मॅगसल्फपाशीच गाडी अडते

पेठ तालुका, लेबर रूम. रात्रपाळीला दोन सिस्टर, एक मावशी, डॉक्टर कॉलवर. एक्लॅम्प्सिया म्हणजे बीपी वाढलेल्या गरोदर किंवा बाळंत बाईला येणारे झटके. ड्रिलमध्ये ‘झटका आला’ म्हटलं की सगळ्या धावतात, पण मॅगसल्फ (मॅग्नेशियम सल्फेटचं इंजेक्शन) भरताना गोंधळ: किती अँपूल, सलाईन किती, शिरेतलं कोणतं, कमरेतलं कोणतं? नाशिकला सिव्हिलला पाठवायचं तर वाटेत घाट. निघण्याआधी काय झालंच पाहिजे?

उत्तर (प्रसूतितज्ज्ञ, नाशिक):
ताई, हा हिशेब ऐन वेळी करायचाच नाही, डब्याच्या झाकणावर लिहून ठेवा. आपल्याकडचं ५० टक्क्यांचं २ मिलीचं एक अँपूल म्हणजे १ ग्रॅम. शिरेतून ४ ग्रॅम: ४ अँपूल (८ मिली) + १२ मिली सलाईन, एकूण २० मिली, किमान ५ मिनिटं सावकाश. कमरेत दोन्ही बाजूंना ५-५ ग्रॅम, म्हणजे प्रत्येकी ५ अँपूल, पाणी न घालता, सोबत बधिर करणारं २ टक्के लिग्नोकेन १ मिली, खोल स्नायूत. हे ११ मिली होतं, १० च्या सिरिंजमध्ये मावत नाही. तिथेच वेळ जातो. म्हणून डब्यात २० मिलीच्या तीन सिरिंज आणि १४ अँपूल. झटका पुन्हा आला तर आणखी २ ग्रॅम शिरेतून लागतात, म्हणून १६ ठेवा.

आधी मात्र डावी कूस, सक्शन, ऑक्सिजन. दातांत चमचा कोंबू नका, हातपाय दाबून धरू नका. झटका बहुधा एक-दोन मिनिटांत आपोआप थांबतो. मॅगसल्फ पुढचा झटका टाळायला आहे, त्यामुळे घाईने शिरेत ढकलू नये. बीपी १६०/११० किंवा वर असेल तर लॅबेटालॉल २० मिलिग्रॅम शिरेतून. बेशुद्ध बाईला तोंडाने काहीही नाही.

प्रश्नकर्ती:
सर, अँब्युलन्समध्ये श्वास मंदावला तर?

उत्तर (प्रसूतितज्ज्ञ):
मॅगसल्फ जास्त झालं असं धरा. ते थांबवा, अंबू बॅग (हाताने श्वास देण्याची पिशवी) लावा, उतारा म्हणून १० टक्के कॅल्शियम ग्लुकोनेट १० मिली शिरेतून, १० मिनिटांत. ते त्याच डब्यात हवं; औषधांच्या कपाटात असलेलं कॅल्शियम घाटात कामाचं नाही. मॅगसल्फचा पुढचा डोस ४ तासांनी, ५ ग्रॅम, कमरेत एकाच बाजूला, दर वेळी बाजू बदलून. त्याआधी तीन गोष्टी: श्वास मिनिटाला १६ किंवा जास्त, गुडघ्याचा रिफ्लेक्स शाबूत, लघवी तासाला ३० मिली तरी. एकही कमी असेल तर डोस नाही. म्हणूनच फोलीज (लघवीची नळी) घातल्याशिवाय गाडी हलवू नये.

आणि चिठ्ठीवर नुसतं ‘मॅगसल्फ दिलं’ लिहू नका. किती ग्रॅम, कुठून, किती वाजता, हे नसेल तर पुढच्या दवाखान्यात एक तर डोस दुबार जातो किंवा चुकतो.

उत्तर (लेबर रूम इन्चार्ज सिस्टर):
ड्रिल हॉलमध्ये घेऊ नका. खऱ्या टेबलवर, रात्रपाळीच्याच माणसांवर घ्या, डॉक्टर नाहीत असं धरून. डिस्टिल्ड वॉटरचे १४ अँपूल खरोखर फोडायला लावा आणि घड्याळ लावा. एक्स्पायर झालेलं मॅगसल्फ सरावाला घेऊ नका, ते नकळत परत ट्रेमध्ये जातं. सांगणारीने ‘४ ग्रॅम, शिरेतून’ म्हणायचं, भरणारीने तेच मोठ्याने परत म्हणायचं, मावशींनी वेळ फळ्यावर लिहायची. बाळंतपणानंतर रक्तस्राव झाला तर सवयीने मेथर्जिनकडे (रक्तस्राव थांबवणारं इंजेक्शन) हात जातो. बीपी वाढलेल्या बाईला ते चालत नाही, ऑक्सिटोसिनच. ड्रिलमध्ये हा फाटा मुद्दाम घाला.

दर महिन्याच्या ९ तारखेच्या गरोदर बायकांच्या तपासणीत ज्यांचं बीपी १४०/९० किंवा वर, लघवीत अल्ब्युमिन (प्रथिन), त्यांची यादी लेबर रूमच्या भिंतीवर लावा. डोकं दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी, पोटात वरच्या बाजूला कळ: यादीतल्या बाईचा असा फोन आला की आशाताईंनी सकाळची वाट बघायची नाही, १०८ लावायचा.