फ्लॉरेन्सचे पिएत्रा दुरा आणि रोमचे मायक्रोमोझेक: एकाच संग्राहक मंडळात दोघांना जागा असावी का?

प्रश्न (खडीसाखर):
इटालियन शोभेच्या दगडी मोझेकला वाहिलेले एक छोटे मंडळ आम्ही काही संग्राहक मिळून स्थापन करीत आहोत आणि नियमावलीच्या पहिल्याच कलमाशी अडलो आहोत. मसुद्यात ‘नैसर्गिक दगडाचे तुकडे जुळवून केलेले इटालियन चित्रकाम’ अशी व्याख्या आहे. तीत फ्लॉरेन्सचे काम बसते. रोमचे मायक्रोमोझेक मात्र बाहेर राहते, कारण त्यातले कण स्माल्ती या अपारदर्शक रंगीत काचेचे असतात. ज्यांच्या कपाटात रोमन ब्रोच आणि डब्यांची झाकणेच अधिक आहेत, ते साहजिकच नाराज आहेत. व्याख्या बदलावी का? आणि वस्तूला धक्का न लावता ती खरी आहे की नाही हे कसे ठरवावे?

उत्तर (काळाकातळ):
‘नैसर्गिक दगड’ हा निकष वरवर पाहता काटेकोर वाटतो, पण फ्लॉरेन्सच्या कामाचे मर्म त्यातून कळत नाही. ‘पिएत्रे दुरे’ म्हणजे कठीण दगड. अकीक आणि जास्पर यांची कठिणता मोह्स मापनावर 7 च्या आसपास असते. तरीही त्याच कारागिरांनी 3 च्या आसपास कठिणता असलेला संगमरवर आणि आर्नो नदीच्या परिसरातला चुनखडीचा दगडही सर्रास वापरला आहे. नावाचा शब्दशः अर्थ धरून बसलो, तर फ्लॉरेन्सचीच कितीतरी कामे बाहेर काढावी लागतील.

माझ्या मते निकष जोडणीचा असावा. फर्दिनान्दो पहिला मेदिची याने 1588 मध्ये जी कार्यशाळा स्थापन केली (आजचे ओपिफिचिओ देल्ले पिएत्रे दुरे), तिथल्या पद्धतीत दगडाची पातळ चकती लाकडी धनुष्याला ताणलेल्या लोखंडी तारेने, कुरुंदाची ओली पूड घालत कापली जाते. कडा मागच्या बाजूला किंचित तिरक्या ठेवतात. त्यामुळे पुढून दोन तुकडे केसाचीही फट न ठेवता भिडतात आणि मागे मेण व राळेच्या मिश्रणाला जागा मिळते. आग्र्याच्या पच्चीकारीत संगमरवरात खाचा कोरून त्यांत तुकडे बसवतात. फ्लॉरेन्सच्या कामात मात्र पार्श्वभूमीसुद्धा तुकड्यातुकड्यांनी जुळवता येते.

भिंग हाती असेल तर एखाद्या फुलाची एकच पाकळी पाहावी. देठाकडचा गडद रंग टोकाकडे फिका होत जातो, तो कोणी भरलेला नसतो. कारागिराने दगडाच्या चकतीवर कागदी आकार सरकवत सरकवत जिथे तो उतार आपसूक सापडला, तिथेच तुकडा कापलेला असतो. चांगले आणि सामान्य काम इथे वेगळे होते, आणि मंडळाने दाद द्यायची ती या निवडीला.

उत्तर (चिमटा_आणि_भिंग):
वरील मताशी मी अर्धाच सहमत आहे. रोमन काम आत घ्यावेच, पण त्याला वेगळा विभाग द्यावा, कारण तिथे दगड शोधायचा नसून रंग घडवायचा असतो आणि त्यामुळे परीक्षकाची नजरही निराळी लागते. व्हॅटिकनच्या सेंट पीटर्स चर्चमधली तैलचित्रे दमटपणाने खराब होऊ लागल्यावर त्यांच्या मोझेक प्रती करण्याचे काम तिथल्या कारागिरांकडे आले आणि 1727 मध्ये तिथल्या कार्यशाळेला कायमचे रूप मिळाले. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात स्माल्ती ज्योतीवर तापवून तिचे बारीक धागे ओढण्याची युक्ती रुळली. या संदर्भात जाकोमो राफाएल्ली याचे नाव आणि 1775 हे साल नेहमी घेतले जाते. धाग्याचे इवले तुकडे चिमट्याने सावकाश सुकणाऱ्या तेलकट लुकणात बसवायचे, फटी रंगीत मेणाने बुजवायच्या आणि मग पृष्ठभाग घासून चकचकीत करायचा, असे हे काम. उत्तम नमुन्यात एका चौरस इंचात 1400 हून अधिक कण असतात. जुन्या कामात कण बहुधा चौकोनी असतात. एकोणिसाव्या शतकात वळणदार कण आणि एकाच धाग्यात अनेक रंग आले. कबुतराचे पीस तशा कणांनी घडवलेले असेल, तर काळाचा अंदाज तिथेच बांधता येतो.

जाता जाता एक गंमत: ‘मायक्रोमोझेक’ हा शब्द रोमन कारागिरांचा नव्हे, तो आर्थर गिल्बर्ट या संग्राहकाने रूढ केला. त्यांच्या संग्रहात फ्लॉरेन्स आणि रोम दोन्ही नांदतात, आणि 2008 पासून तो लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. तेव्हा एकत्र नांदण्याला दाखला आहेच.

उत्तर (ठेचलेलाग्राहक):
नियमावलीत स्काल्योलाचाही (जिप्समच्या रंगीत पिठाने केलेल्या, दगडासारख्या दिसणाऱ्या कामाचाही) उल्लेख करावा, ही माझी अनुभवाची विनंती आहे. एका विक्रेत्याने पिएत्रा दुरा म्हणून दिलेला फलक मी दोन वर्षे अभिमानाने मिरवला. नंतर कळले की तो जिप्सम, सरस आणि रंगद्रव्ये यांचे पीठ भरून, घासून केलेला आहे. त्यावरची पाकळीही गडदकडून फिकट होत जाणारी होती, पण कडेकडून तिरपा प्रकाश टाकल्यावर दोन तुकड्यांमधली रेघ कुठेही सापडेना, आणि तळहात ठेवल्यावर दगडाचा गारवाही लागेना. स्काल्योला ही स्वतः एक प्रतिष्ठित कला आहे. कार्पी येथे सतराव्या शतकात ती बहरली होती. माझी तक्रार कलेबद्दल नसून पावतीवरच्या नावाबद्दल आहे.

प्रश्नकर्ता (खडीसाखर):
‘तुकडे जुळवून केलेले चित्रकाम, दगडाचे असो वा काचेचे’ असा बदल आणि दोन विभाग मी सुचवतो. स्काल्योला तुलनेसाठी दाखवता येईल, पण नोंदीत ते नाव स्पष्ट लिहिले जाईल. एक शंका उरते: फलकाच्या मागे मखमल चिकटवलेली असेल, तर ती काढून मागचा पाटीच्या दगडाचा (स्लेटचा) आधार तपासावा का?

उत्तर (काळाकातळ):
अजिबात काढू नये, आणि सैल व्हावी म्हणून गरम हवा तर मुळीच देऊ नये. मेण व राळ उष्णतेने मऊ होऊन पुढचे तुकडे हलू शकतात. चौकटीच्या कडेला मखमल आपोआप उचललेली असेल, तर तिथून टॉर्चने पाहावे. पाटीचा करडा काठ दिसला तर त्याची नोंद करावी, न दिसल्यास ‘मागील बाजू तपासलेली नाही’ एवढेच लिहावे. संगमरवर आणि लाजवर्द या निळ्या दगडाला आम्लाने इजा होते, म्हणून परीक्षेसाठी लिंबू किंवा व्हिनेगर लावून पाहण्यास नियमावलीतच बंदी घालावी.